जांभ्याच्या विहिरीतली संप्रेरके

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे जांभ्या दगडाने बांधलेली एक जुनी विहीर आहे. मृगाचा पाऊस लागला की पंधरा-वीस दिवसांत तिच्या आतल्या बाजूला हिरवे थर चढू लागतात. पाण्यालगत यकृतकांचे चपटे, फाटे फुटलेले पट्टे, त्यांच्या वर मखमलीसारखी हरिता आणि दगडांच्या सांध्यांतून लोंबणारे हंसराजाचे नेचे. बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवताना मी संप्रेरकांचा, म्हणजे वनस्पतीच्या वाढीचे निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांचा, धडा कायम वाटाणा, ओट आणि सूर्यफूल यांच्याच आधाराने शिकवला; घरच्या विहिरीत उभ्या असलेल्या या जुन्या घराण्यांकडे मात्र कधी वळलो नाही. अथणीकडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या मावसभावाने गेल्या पावसाळ्यात विहिरीत डोकावून सहज विचारले, "दादा, आमी घड जीएच्या पाण्यात बुडवून काढतोय, तुमच्या हिरीतल्या शेवाळाला जीए कोण देतंय?" प्रश्न थट्टेचा असला, तरी त्याचे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते.

त्याचे 'जीए' म्हणजे जिबरेलिक आम्ल. भाताची रोपे एकाएकी उंच, फिकट आणि पोकळ होऊन कोलमडतात, हा रोग एका बुरशीच्या स्रावामुळे होतो हे जपानमध्ये कुरोसावा यांनी 1926 साली दाखवले आणि त्या स्रावाचा शोध घेता घेताच जिबरेलिने ही वाढीची संप्रेरके हाती आली. आजही बागायतदाराच्या पुडीतले जीए त्याच बुरशीच्या किण्वनातून येते. द्राक्षाच्या मण्यात एरवी मणी वाढवण्याचे हे काम बी करते. बिनबियांच्या वाणात ते बाहेरून करावे लागते, इतकाच बुडवण्याचा अर्थ.

हरितेत मात्र जिबरेलिन बनवण्याचा मार्ग अर्ध्यावर थांबतो. जिबरेलिनाच्या आधीचे कौरिन आणि कौरेनॉइक आम्ल ती तयार करते व त्यापासून बनलेली काही द्रव्ये वाढीसाठी वापरते, परंतु फुलझाडांत चालणारे जिबरेलिन ती बनवत नाही आणि ते ओळखणारा ग्राहीही तिच्याकडे नाही. याचा अर्थ ती 'अपुरी' वनस्पती आहे असा मी घेत नाही. आजची हरिता ही कोणाची पणजी नव्हे. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर आलेल्या पूर्वजांपासून तिची शाखाही आपल्या आंब्या-फणसांइतकीच वर्षे बदलत आली आहे, हे मी वर्गात पुरेसे ठासून सांगितले नाही, याची मला आता खंत वाटते.

संप्रेरक बनवणे हा अर्धाच भाग. बनवलेले नको तेव्हा कामाला लागू नये, याची सोय करणे हा दुसरा. ऑक्झिन हे वाढीचे दुसरे संप्रेरक ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून दोन पायऱ्यांत तयार होते आणि ही पद्धत यकृतकांतही आढळते. पण तयार ऑक्झिन पेशीत मोकळे राहिले तर गोंधळ होईल, म्हणून फुलझाडे ते साखरेशी किंवा अमिनो आम्लाशी जोडून निष्क्रिय करून ठेवतात. तुरीला एरंडेल चोळून ती वर्षभर कणगीत ठेवावी आणि लागेल तेवढी धुऊन घ्यावी, तसाच हा प्रकार. मक्याच्या दाण्यातले बहुतांश ऑक्झिन असे जोडलेले असते आणि दाणा रुजताना सुटे होऊन कोंबाच्या उपयोगी पडते. (अमिनो आम्लांशी झालेल्या काही जोडण्या मात्र साठवणीच्या नसून विल्हेवाटीच्या असतात, तेथे माझी उपमा तुटते.) 1990च्या दशकात अमेरिकेतील स्टाइन, कोहेन आणि कुक यांनी जुन्या वंशांतल्या वनस्पतींना ऑक्झिन देऊन पाहिले, तेव्हा हरिता आणि नेचे ते झपाट्याने जोडून टाकतात, यकृतका मात्र फार सावकाश जोडतात असे दिसले. यकृतकांचा कल साठा करण्यापेक्षा लागेल तेवढे बनवण्याकडे आणि उरलेले मोडून टाकण्याकडे असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तो पटतो, कारण पाण्याला चिकटून, सावलीत, बोटभर देहाने जगणाऱ्याला कणगी हवी कशाला?

यकृतकांनी अभ्यासकांना एकदा चकवलेही आहे. त्यांच्यात अ‍ॅबसिसिक आम्लाच्या जागी ल्युन्युलारिक आम्ल असते असे बराच काळ मानले जात होते. पुढे अ‍ॅबसिसिक आम्लच त्यांच्यात सापडले. कोरड पडली की तगून राहण्याची तयारी करून घेणारे हे संप्रेरक हरितेतही तेच काम करते. जखमेच्या संप्रेरकाचे प्रकरण याहून गमतीचे आहे : फुलझाडांचा ग्राही आयसोल्युसिन या अमिनो आम्लाला जोडलेले जॅस्मोनिक आम्ल ओळखतो, तर मार्कॅन्शिया या यकृतकेतला तोच ग्राही त्या मार्गावरच्या आधीच्या टप्प्यासारखे एक द्रव्य ओळखतो, असे 2018 मध्ये दाखवले गेले. कुलूप जवळजवळ तेच, किल्ली निराळी.

मावसभावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर नेच्यांकडे आहे. जांबोटीच्या वाटेवर कुंपणांवर चढणारा वेलनेचा, म्हणजे लायगोडियम, अनेकांनी पाहिला असेल. त्याच्याच एका जपानी जातीवरचे नागोया विद्यापीठातील संशोधकांचे काम 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. नेच्याचा बीजाणू रुजून आधी काही मिलिमीटरचा हृदयाकृती पूर्वकाय होतो. जे पूर्वकाय लवकर वाढतात ते जिबरेलिन जवळजवळ पूर्ण बनवतात, शेवटची पायरी मात्र गाळतात, आणि त्यावर मिथिल हा छोटासा रासायनिक गट चढवून ते ओल्या मातीत सोडतात. या रूपात ते निष्क्रिय असते, पण शेजारच्या पेशींत सहज शिरते. मागे राहिलेल्या धाकट्या पूर्वकायांकडे तो मिथिल गट काढणारे विकर असते आणि गाळलेली पायरी पुरी करणारेही. त्यांच्या आत खरे जिबरेलिन तयार होते आणि ते नर होतात. म्हणजे एकाच संप्रेरकाची घडण दोन देहांत वाटलेली, आणि मधली साठवण कोणत्याही पेशीत नव्हे, तर दोघांमधल्या ओलाव्यात. थोरला स्वतः मादी राहतो आणि फलनासाठी शेजारी दुसऱ्याच बीजाणूचा नर मिळण्याचा संभव वाढतो.

हे मी मावसभावाला फोनवर सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, की मग त्या थोरल्याला घड बुडवायची मजुरी पडत नाही म्हणायची. यंदा मी भिंग घेऊन विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर बसतो आहे. हंसराजाच्या खाली, दगडाच्या खाचेत, एक मोठा हृदयाकृती पूर्वकाय आणि त्याच्या भोवती सात-आठ चिमुकले दिसत आहेत.