‘फीबल’ लीच झालं: दुबळ्या शब्दांच्या डेकची डागडुजी

अँकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये ‘फीबल’ या इंग्रजी शब्दाचं कार्ड अखेर लीच (पुन्हापुन्हा विसरलं जाणारं कार्ड) ठरून सस्पेंड झालं, म्हणजे समोर यायचं थांबलं. अँकीची मूळ सेटिंग असेल तर आठदा विसरल्यावर कार्ड लीच ठरायचंच, उगाच अल्गोरिदमवर खापर नको. खोट कार्डातच आहे. समोर ‘दुबळा’, मागे ‘फीबल’. आणि वीक, फ्रेल, प्यूनी यांच्याही समोर पुन्हा ‘दुबळा’च! चारांतला भलताच आठवतो आणि ‘अगेन’ दाबावं लागतं.

मूळ नोट सरळ उडवा. नामासकट क्लोझ (गाळलेल्या जागेचं कार्ड) करा, एका वाक्यात एकच गाळलेली जागा, हिंटमध्ये फक्त पहिलं अक्षर. फीबल एक्स्क्यूज म्हणजे लंगडी सबब, फीबल लाइट म्हणजे मिणमिणता उजेड, फीबल जोक म्हणजे फुसका विनोद, फीबल अटेम्प्ट म्हणजे केविलवाणा प्रयत्न. ‘दुबळा’ यात कुठेच बसत नाही. माणसासाठी ‘टू फीबल टू स्टँड’ घ्या: उभं राहायचंही त्राण नाही. चहा मात्र वीकच. फीबल टी कुणी म्हणत नाही.

फ्रेलशी गल्लत होत असेल तर मूळ बघा. फ्रेल आणि फ्रॅजाइल सख्खे भाऊ, दोघेही लॅटिन ‘फ्रॅजिलिस’चे, त्यात मोडण्याची भीती आहे. फीबल आलं ‘फ्लेबिलिस’वरून, म्हणजे रडू यावं असं. सबबीला फीबल म्हणताना जी तुच्छता असते, ती लक्षात ठेवायला एवढी खूण पुरते. ‘फीबल-माइंडेड’ला वेगळा टॅग द्या: ब्रिटनच्या १९१३ च्या कायद्यात तो अधिकृत वर्ग होता, आज निव्वळ अपमान.

मराठी प्रतिशब्दांसाठी तयार डेक डाउनलोड करू नका, बहुतेकांत उदाहरणच नसतं. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. कोश मराठी-इंग्रजी, म्हणून उलटा शोधायचा: अर्थाच्या मजकुरात ‘फीबल’ टाका, मराठी शब्दांची रांग लागते. काही आज मेलेले निघतील, ते गाळा.

‘फॉइबल’ही ‘फीबल’च्याच कुळातलं. तलवारबाजीत पात्याचा टोकाकडचा कमजोर भाग तो फॉइबल, मुठीकडचा फोर्ट. एक चित्र लावलं की काम झालं.

प्यूनी पुढच्या खेपेसाठी ठेवलं होतं, पण ते आत्ताच घ्यावं लागेल. फ्रेंचमधल्या ‘नंतर जन्मलेला’ या शब्दातून ते आलं, आणि मुख्य न्यायमूर्ती सोडून हायकोर्टाच्या बाकी न्यायाधीशांना म्हणतात तो ‘प्यूनी जज’ही तिथलाच. उच्चार एकच, स्पेलिंग निराळं. म्हणजे नुसत्या ऑडिओचं कार्ड इथे बाद. उत्तर टाइप करायला लावणारा टेम्प्लेट लावा.