सायकल रात्री कुठे झोपते?

"सायकलीचा विमा?" मामाने कपबशी खाली ठेवली. "अगं, कितीची सायकल आहे तुझी?"

मी खरं ते सांगितलं. २,९०० युरो. स्वयंपाकघरात आईचा मनातल्या मनात गुणाकार झाला असावा, कारण भजी तळणारा झारा थांबला. "एवढ्यात इथे दोन स्कूटर आल्या असत्या." आल्या असत्या, पण जर्मनीत, मी राहते त्या श्टुटगार्टात, मला स्कूटर नको होती.

डिसेंबरात दादरला आले की माझा मुक्काम आईकडे आणि बैठक मामाकडे, म्हणजे एक मजला वर. मामा फोर्टातल्या एका जनरल इन्शुरन्स कंपनीतून निवृत्त झालाय. आयुष्यभर त्याने आगीचे आणि चोरीचे क्लेम तपासले. या खेपेला मी फोनमध्ये दोन पॉलिसींचे कागद घेऊन आले होते. नवी ई-बाइक ऑक्टोबरात घेतली आणि विमा कुठला उतरवायचा ते काही केल्या ठरत नव्हतं. जर्मनीत विम्याचे दर ताडून दाखवणारी संकेतस्थळं ढीगभर आहेत. ती हप्ता चटकन सांगतात. आपली सायकल चोरीला गेली की त्या हप्त्याच्या बदल्यात नक्की काय हाती पडेल, ते मात्र सतरा पानांच्या अटींत जाऊन शोधावं लागतं.

श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. बहिणींचे चेहरे अजिबात जुळत नाहीत. ते शहर एखाद्या कढईच्या तळाशी वसलंय, चारी बाजूंना चढ, चढावर द्राक्षांचे मळे. मारीनप्लाट्झ ते डेगरलोख या चढावर १८८४ पासून दातेरी रुळांची गाडी आहे आणि तिच्या पुढे सायकलींसाठी खास उघडा डबा जोडलेला असतो. लोक प्रेमाने तिला 'त्साके' म्हणतात. पहिली दोन वर्षं मी त्या डब्यात सायकल टाकूनच वर जायचे. मग गुडघा कुरकुरायला लागला आणि मी मोटरवाली सायकल घेतली.

पण विम्याचं हे खूळ डोक्यात शिरलं ते आधीच्या सायकलीमुळे. ती साधी, जुन्या बाजारातून ३५० युरोंना घेतलेली. इमारतीच्या दाराशी रेलिंगला कुलूप लावून ठेवायचे. एका सकाळी रेलिंग होतं, सायकल नव्हती. माझ्याकडे घरसामानाचा विमा होता, जर्मनीत बहुतेक भाडेकरू तो घेतात, आणि त्यात सायकलीचं कलम मी मुद्दाम जादा पैसे भरून घातलं होतं. विमा रक्कम ४०,००० युरो, त्याच्या १ टक्का सायकलीसाठी, म्हणजे ४००. हिशेब चोख होता. पोलिसांत तक्रार केली, नोंद क्रमांक मिळाला, क्लेम पाठवला.

आठवड्याने नकार आला. कारण: चोरी रात्री झाली.

"काय?" मामा खुर्चीत पुढे सरकला. त्याचे डोळे चमकले. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला नवा एक्सक्लुजन, म्हणजे भरपाई नाकारायची नवी अट, ऐकवणं म्हणजे गवयाला अनवट राग ऐकवणं.

तर ते कलम असं. जुन्या पॉलिसींत त्याला 'नाख्टत्साइटक्लाउझल' म्हणतात, रात्रीचं कलम. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात सायकल चोरीला गेली, तर भरपाई दोनच प्रसंगी: ती बंद खोलीत ठेवलेली होती, किंवा चोरी झाली तेव्हा ती 'वापरात' होती. आता गंमत बघा. मी रात्री ११ वाजता बिअर पीत बसलेय आणि सायकल पबबाहेर कुलपात उभी आहे, तर ती वापरात आहे, कारण मी तिच्यावरूनच घरी जाणार आहे. तीच सायकल माझ्या घराबाहेर आहे आणि मी सज्जनासारखी अंथरुणात आहे, तर ती वापरात नाही. "म्हणजे तू दारू पीत बसली असतीस तर पैसे मिळाले असते," मामा म्हणाला. आईने भजी आणता आणता नेमकं एवढंच ऐकलं.

नव्या पॉलिसींतून हे कलम बरंचसं गेलंय. जुन्यांत अजून आहे, आणि आपली पॉलिसी जुनी आहे हे आपल्याला चोरीनंतर कळतं. पोलिसांकडचं प्रकरण काही महिन्यांनी सरकारी वकिलाच्या कार्यालयाच्या पत्राने संपलं: आरोपी निष्पन्न न झाल्याने तपास बंद. पत्र फार सभ्य भाषेत होतं.

मामा म्हणाला, आपल्याकडेही होतं की हे. हाउसहोल्डर पॉलिसीत दागिने, टीव्ही यांच्या रांगेत 'पेडल सायकल' असा एक विभाग असायचा. विकायला बसलेल्या एजंटालाही तो ठाऊक नसे. त्यात एक अट होती: सायकलीचं सामान, म्हणजे दिवा, पंप, घंटी वगैरे, नुसतंच चोरीला गेलं तर काही नाही; सायकलही त्याच वेळी गेली तरच. "दिवा गेला म्हणून कुणी आलं की आम्ही विचारायचो, सायकल आहे का अजून? हो म्हणाला की केस बंद." इतक्या वर्षांनंतरही त्याला त्याचं हसू येत होतं. मला नाही आलं. कारण ई-बाइकचं सगळं मोल तिच्या सामानातच आहे. बॅटरी एकटीच कित्येकशे युरोंची. चोराला पूर्ण सायकल ओढून न्यायची गरजच नाही. त्यामुळे आम्ही कागदांत पहिल्यांदा शोधलं ते सुट्या भागांची चोरी. एका पॉलिसीत बॅटरी, चाक, बसायची सीट असं नाव घेऊन लिहिलं होतं. दुसरीत 'पक्के जोडलेले भाग' एवढंच. किल्लीने निघणारी बॅटरी पक्की जोडलेली आहे का? "इथे भांडण आहे," मामा म्हणाला आणि पेन्सिलने पानावर फुली मारली. पान त्याने खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणवलं होतं. फोनवर वाचलेलं त्याच्या लेखी वाचलेलं नसतं.

मग कुलूप. इथे मात्र जर्मन भाषेने माझी परीक्षा घेतली. 'आबश्लीसन' म्हणजे कुलूप लावणं. 'आनश्लीसन' म्हणजे कशाला तरी बांधून कुलूप लावणं, खांब, रेलिंग, जमिनीत रोवलेली लोखंडी कमान. एका अक्षराचा फरक. चाकातून साखळी ओवून सायकल नुसती उभी केली तर पहिलं झालं, दुसरं नाही. ज्या पॉलिसीत दुसरा शब्द आहे, तिथे तुमच्या महागड्या कुलपाचा उपयोग शून्य. शिवाय कुलूप कसलं हवं तेही लिहिलेलं असतं. कुठे ठराविक बनावटीचं, कुठे अमुक किमतीच्या वरचं. मी सतरा पानांत हा एकच शब्द तीनदा शोधला. ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बांधायला काही नाही, आणि तिथेच सायकल दिवसाचे नऊ तास असते. म्हणजे माझ्यासाठी 'आबश्लीसन'वालीच पॉलिसी.

मामाचा पुढचा प्रश्न घसाऱ्याचा होता. तीन वर्षांनी सायकल गेली तर नवीची किंमत की जुनीची? दोन्हींत तशीच नवी घ्यायला लागेल ती रक्कम होती, पण एकीत तिसऱ्या वर्षानंतर दरसाल टक्के कमी होत जात होते. तीच स्वस्त होती. "स्वस्त का आहे ते पाचव्या वर्षी कळतं," इति मामा. झीज भरून देणारं कलम दोन्हींकडे होतं, बॅटरीची ताकद ठराविक टक्क्यांखाली गेली तर वगैरे. टायर आणि ब्रेक पॅड वगळून. ते चांगलं असेल, पण त्यासाठी जादा हप्ता देण्यापेक्षा बॅटरी थंडीत घरात आणून ठेवावी असं माझं मत झालं. पडझडीचं, अपघातात सायकल मोडण्याचं कलम मात्र घेतलं. श्टुटगार्टच्या उतारावर ओली पानं आणि ट्रामचे रूळ एकत्र आले की काय होतं ते माझ्या कोपराला ठाऊक आहे.

आणि मी कुणाला धडकले तर? ते या पॉलिसीत नसतंच. त्यासाठी खासगी जबाबदारीचा वेगळा विमा असतो, 'हाफ्टफ्लिख्ट', आणि जर्मनीत गेल्या गेल्या कुणीही तुम्हाला पहिल्यांदा तोच घ्यायला सांगेल. २५० वॅटची, ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी ई-बाइक कायद्याने सायकलच, त्यामुळे ती त्यात बसते. ४५पर्यंत धावणारी असेल तर ती वाहन झाली. तिला विम्याची छोटी पाटी लागते आणि दर १ मार्चला पाटीचा रंग बदलतो, काळा, निळा, हिरवा. रंग चुकला की पोलिसाला लांबूनच कळतं. मामाला ही युक्ती अतोनात आवडली. आपल्याकडेही २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच रेघ आहे, असं तो म्हणाला; तिच्या खालची बॅटरीची गाडी मोटार वाहन कायद्यात येत नाही.

सायकलीवर कोड कोरून घेतात, हे मी सांगितलं तेव्हा आई येऊन बसली. सायकलवाल्यांची तिथली संघटना, एडीएफसी, सांगाड्यावर शहराचं अक्षर, रस्त्याचा क्रमांक, घर क्रमांक आणि नावाची आद्याक्षरं कोरून देते. सापडलेली सायकल कुणाची ते त्यावरून कळतं. आई उठली आणि मांडणीवरचं पातेलं उलटं करून समोर धरलं. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव, गिरगावचा पत्ता आणि तारीख. लग्नकार्यात भांडी शेजारीपाजारी जायची आणि परत यायची. "हेच ना?" हेच.

तिच्या मते मी उगाच खर्च करतेय. आमच्या बिल्डिंगीत सायकलीचा विमा म्हणजे वॉचमनला दिवाळीची पोस्त. जिन्याखाली तीन सायकली वर्षानुवर्षं आहेत, एकही गेलेली नाही. एकही चालत नाही ही गोष्ट वेगळी. तरी एका बाबतीत तिचं पटलं: तिथे माझी ती ३५०ची सायकल असती तर मी आज वेगळा विमा घेतलाच नसता. तेवढे पैसे बऱ्या कुलपात घातले असते. ऑफिसमार्फत पगारातून भाड्याने सायकल घ्यायचीही सोय आहे, विमा त्यातच येतो. पण नोकरी बदलली की सायकलीचं काय करायचं हा नवा घोळ, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

शेवटी महाग होती तीच घेतली. वर्षाला १३८ युरो. रात्रीचं कलम नाही, बॅटरीचं नाव स्पष्ट लिहिलेलं, आणि कुलूप नुसतं लावलेलं चालतं. अर्ज फोनवर भरला, मामा शेजारी.

"कुलपाचं बिल कुठाय?" त्याने विचारलं. "क्लेमच्या वेळी मागतील. अटीत बसणारंच कुलूप होतं हे कसं सिद्ध करशील?"

बिल पाकिटात होतं, मी जपून ठेवलं होतं. काढून पाहिलं तर त्या चकचकीत कागदावरची शाई पार उडालेली. कोरं करकरीत. मामाने ते उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं, मग मला दुकानदाराला ईमेल लिहायला बसवलं आणि स्वतः मजकूर सांगू लागला, "उपरोक्त विषयास अनुसरून" पासून. मी ते जर्मनमध्ये तीन ओळींत लिहिलं. संध्याकाळी दुकानातून नवी प्रत आली, तारखेसकट, किमतीसकट.

"छापून आण," मामा म्हणाला. "दोन प्रती. एक इथे राहू दे."