सॉल्टबर्न: पाण्याच्या वजनावर वर चढताना

आई नाशिकहून आमच्याकडे इंग्लंडच्या ईशान्येला, डार्लिंग्टनला आली, तेव्हा तिला समुद्र दाखवायचा म्हणजे सॉल्टबर्नच दाखवायचं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. थेट गाडी आहे आणि तिच्या गुडघ्यांना झेपेल असा समुद्रकिनारा या भागात दुसरा मला माहीत नाही.

हे गाव उभं केलं ते आमच्याच डार्लिंग्टनच्या हेन्री पीज यांनी. पीज घराणं रेल्वेवालं. १८६१ मध्ये रेल्वे इथवर आली आणि कड्यावर फिकट पिवळसर विटांचं गाव वसू लागलं. समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्यांना नावं दिली रत्नांची: माणिक, पाचू, मोती, हिरा. मी पाट्या वाचून अर्थ सांगत होते आणि आई प्रत्येक नावाला मान डोलावत होती.

गाव कड्यावर, वाळू खाली. मधल्या उभ्या चढाला तोड म्हणून १८८४ मध्ये इथे लिफ्ट बसवली. ती आजही चालते, तीही पाण्यावर. रुळांवर दोन डबे, एकमेकांना दोरांनी जोडलेले. वरच्या डब्याखालच्या टाकीत पाणी सोडतात. तो खालच्यापेक्षा जड झाला की उतरू लागतो आणि खालचा आपोआप वर ओढला जातो. खाली पोचल्यावर पाणी सोडून देतात, पंपाने पुन्हा वर चढवतात.

आई क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, ही तर आपली मोट! तिथे बैल उताराने खाली जायचे नि पाणी वर यायचं. इथे पाणी खाली जातंय नि माणसं वर येतायत." आजोळच्या विहिरीवरची मोट तिने लहानपणी पाहिली आहे. मला हे कधी सुचलं नसतं.

खाली लिफ्टच्या समोरच पिअर, समुद्रात शिरलेला लांबलचक लाकडी फळ्यांचा धक्का. १८६९ चा. वादळांनी त्याचे लचके तोडले, १९२४ मध्ये एक जहाज त्याला मधोमध भेदून गेलं. १९७४ च्या वादळानंतर तर तो पाडूनच टाकायचा घाट घातला गेला होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि पिअर वाचवला. आता तो ६८१ फुटांचा उरलाय, पण यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर टिकलेला असा हा एकच. त्या लोकांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

आई पार टोकापर्यंत चालली. फळ्यांच्या फटींतून खाली लाटा दिसत होत्या, वारा पदर ठरू देत नव्हता. डावीकडे लांबच लांब वाळू, उजवीकडे हंटक्लिफचा तांबूस कडा. आम्ही कागदात बांधून आणलेले मासे आणि बटाट्याचे जाड काप तिथेच उभ्यानं खाल्ले.

परतताना लिफ्टच्या रंगीत काचांतून ऊन आईच्या हातावर पडलं होतं. निम्म्या वाटेवर दुसरा डबा आमच्या शेजारून खाली सरकला, तेव्हा तिने त्याच्याकडे बघून हळूच हात जोडले.