मधला स्क्रू

पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारच्या आजोबांमुळे मला हरणाच्या शिकारीची गोडी लागली. गेल्या हिवाळ्यात त्यांनी त्यांची विंचेस्टर मॉडेल ७० रायफल माझ्या हाती दिली. .३०-०६ या काडतुसाची, १९६४ च्या आधीची, अक्रोडाच्या दस्त्याची. म्हणाले, "शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसायच्या. आता कुठेही जातात. माझे डोळे गेले की नळी गेली, ते तू बघ."

रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारलं, तर पाच इंचांचा पसारा! त्याच बाकावरून माझ्या रायफलीने सव्वा इंचाचा ग्रुप (म्हणजे भोकांचा पसारा) दिला. म्हणजे डोळे ठीक, हातही ठीक.

मी एकच नियम पाळला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) कड्याचा एक स्क्रू सैल होता, तो आवळला. दुसरा स्कोप लावून पाहिला. नळी साफ करायला चार संध्याकाळी गेल्या, कारण द्रावण लावलेल्या चिंध्या निळ्या-हिरव्या निघत होत्या. गोळ्यांचं तांबं आत पुटासारखं बसलं होतं. नळीच्या तोंडावरून कापूस फिरवला, एकही धागा अडकला नाही, म्हणजे कडेला खरवड नव्हती. १५० आणि १८० ग्रेन वजनाच्या गोळ्यांची काडतुसं वापरून पाहिली. एवढं करून ग्रुप साडेतीन इंचांवर आला आणि तिथेच अडला. नवी नळी बसवायचा सल्ला मिळाला, पण मला तो पटेना. नळीतले, गोळीला फिरकी देणारे पीळ अगदी धारदार दिसत होते.

मग लक्ष दस्त्याकडे गेलं. या जुन्या मॉडेलला खालून तीन स्क्रू असतात: पुढचा, मधला, मागचा, शिवाय नळीला धरणारा एक पुढे, दस्त्याच्या टोकाकडे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, ती उभी धरली आणि दस्त्याच्या टोकाशी, जिथे लाकूड आणि नळी भेटतात, तिथे बोटाचं टोक अर्धं लाकडावर, अर्धं लोखंडावर ठेवलं. टोकाकडचा स्क्रू आधीच काढून ठेवला होता. पुढचा आणि मागचा घट्ट ठेवून मधला सैल करत गेलो, तशी नळी बोटाखाली सरकली. केसभरच, पण स्पष्ट. पुन्हा आवळला, पुन्हा सरकली. लाकूड वर्षानुवर्षं सुकून मधे पोकळी झाली होती आणि कुणीतरी मधला स्क्रू जीव खाऊन आवळला होता. त्याने लोखंडालाच कमान येत होती. खरं तर त्या स्क्रूचं काम फक्त घोड्याच्या कड्याचं पुढचं टोक जागेवर धरायचं.

दस्त्यातल्या पुढच्या खाचेत आणि मागे, लोखंड टेकतं तिथे, इपॉक्सीचा पातळ थर दिला, दोन दिवस सुकवला. पुढचा आणि मागचा स्क्रू ३५ इंच-पाउंडांवर (हे आवळण्याच्या जोराचं माप), मधला निव्वळ टेकेल इतकाच, टोकाकडचा अगदी हलका.

शनिवारी आजोबा खुर्ची घेऊन माझ्यामागे बसले. दोन गोळ्यांमध्ये नळी थंड होऊ दिली. तीन भोकं, दीड इंचाला किंचित जास्त. आजोबांनी कागदावर बोट फिरवून तिन्ही मोजली आणि "आता मला दे" म्हणून स्वतः बाकावर बसले.

दस्त्याच्या स्क्रूंवरून शेजारच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ सरकलेली दिसली की आधी तिथेच बघायचं.