उणे सातशे मिलिमीटर पाऊस

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या घरातला गाळ उपसताना डोक्यात एकच प्रश्न होता: वर, नदीच्या उगमाकडे, नेमका पाऊस पडला तरी किती? मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. कृष्णा, कोयना, वारणा फळ्यावर काढायला मला नकाशा लागत नाही. आकडे म्हटले की मात्र एक्सेल, त्यातही बेरीज आणि सरासरी, इथवरच माझी मजल.

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या रोजच्या पावसाच्या फायली 1901 पासूनच्या मिळतात, त्याही फुकट. एका वर्षाची फाईल साधारण 25 एमबी. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती किडामुंगी. कऱ्हाडला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, ती बायनरी आहे गं, संगणकालाच वाचता येते. गूगल कोलॅब उघड, पायथन ब्राउझरमध्येच चालतं." पायथन म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, कोलॅब म्हणजे ती चालवायची गूगलची वेबसाइट. आणि व्हॉट्सॲपवर कोडच्या चार ओळी.

फाईलमध्ये देशावर टाकलेल्या जाळीच्या प्रत्येक चौकोनाचा रोजचा पाऊस असतो, पण एकामागून एक नुसते आकडे. त्यांची घडी आपण घालायची. रोजची चौकट 129 अक्षांश आणि 135 रेखांशांची. मी हे दोन आकडे उलटे टाकले. गुणाकार तोच, त्यामुळे संगणकाची काही तक्रार नाही, पण नकाशात भारताच्या जागी तिरक्या रेघोट्या. दुरुस्त केलं तर कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली! आकडे दक्षिणेकडून सुरू होतात, चित्र वरून काढलं जातं, हे कळायला एक आख्खा रविवार गेला.

मग देशाची सरासरी काढली. उत्तर उणे सातशेच्या घरात. समुद्र आणि देशाबाहेरच्या चौकोनांत उणे 999 भरलेले असतात, म्हणजे 'इथं माहिती नाही'. ते आधी बाजूला काढावे लागतात. वीस वर्षं एकदम वाचायला लावली तर 2008 ला गाडी अडली: लीप वर्ष, 366 दिवस. हे मात्र माझं मलाच सापडलं. भाच्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

खरा घोळ पुढे. ओळखीची गावं तपासावीत म्हणून महाबळेश्वर आणि पाचगणी काढली. दोन्हींचा पाऊस अगदी दशांशापर्यंत सारखा. भाचा म्हणाला, "कोड बरोबर आहे." असेल, पण पाचगणीला महाबळेश्वरच्या निम्माही पडत नाही, हे घाट चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. दोन दिवस कोडच उकरत बसले. कोड खरंच बरोबर होता. जाळीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे 27 किलोमीटरचा, आणि ही दोन्ही गावं जवळच्या एकाच बिंदूला जाऊन चिकटतात. शिवाय तो आकडा आजूबाजूच्या पर्जन्यमापकांवरून अंदाजानं काढलेला. सह्याद्रीच्या माथ्यावरून वाईकडे उतरताना पाऊस जो झपाट्यानं तुटतो, तो या चौकोनात मावणारच कसा?

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर या फायलीत अर्धंच आहे. सध्या महसूल मंडळवार पर्जन्यमापकांचे जुने आकडे मिळतील तिथून गोळा करतेय. छापील कागद आहेत, काही फोटोकॉपीत पुसट झालेले. रोज रात्री जेवणं आटोपली की थोडे थोडे टाईप करते. एक्सेलमध्येच.