जखमींना मारू नका

मी गेली अनेक वर्षं वृत्तपत्राच्या परदेशी बातम्यांच्या डेस्कवर काम करते. रात्री येणाऱ्या इंग्रजी मजकुरात कुठली ना कुठली लढाई असतेच. ती मराठीत आणताना लागणारी शिस्त मला आमच्या इंग्रजीच्या बाईंनी लावली, आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवात त्याबद्दल लिहायचं नाही तर कधी?

नववीत पहिल्या महायुद्धावरचा एक उतारा होता. बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली, १ जुलै १९१६, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस. पुढे लिहिलं: ब्रिटिश कॅज्युअल्टी ५७,४७०. ‘यातले मेले किती?’ वर्ग गप्प. मग खडूने त्याखाली दुसरा आकडा आला, १९,२४०. बाकीचे जखमी, बेपत्ता किंवा शत्रूच्या हाती लागलेले. सैन्याच्या हिशेबात लढाईतून बाद झालेला प्रत्येक जण कॅज्युअल्टी असतो, मग तो जिवंत का असेना. ‘भाषांतर करताना जखमींना मारू नका,’ बाई म्हणाल्या. आजही बातमीत हा शब्द दिसला की मृत किती, जखमी किती हे वेगवेगळं कळेपर्यंत मी मथळा सोडत नाही.

माघारीच्या शब्दांवर तर त्यांनी अख्खा तास घेतला होता. विथड्रॉअल म्हणजे ठरवून सैन्य मागे घेणं. रिट्रीट म्हणजे बहुतेक वेळा शत्रूच्या रेट्यापुढे मागे हटणं. आणि राउट म्हणजे दाणादाण. तिन्हींना सरसकट ‘पळ काढला’ म्हटलं तर शिस्तीत मागे आलेल्या तुकडीवर अन्याय होतो.

लढाई थांबण्याचंही तसंच. सीझफायर म्हणजे गोळीबार बंद, कधी कधी काही तासांपुरताच. आर्मिस्टिस हा दोन्ही बाजूंनी सह्या केलेला युद्धविरामाचा करार, पण तोही शांतता तह नव्हे. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. कोरियात २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला, शांतता तह अजून झालेला नाही. म्हणून ‘युद्ध संपले’ हे दोन शब्द लिहिण्याआधी मी मूळ मजकूर पुन्हा वाचते.

शब्दांच्या जन्मकथा त्या जाता जाता सांगत. टँक हे नाव गुप्ततेसाठी दिलेलं, पाण्याच्या टाक्या बनताहेत असं भासवायला. गरिला, म्हणजे गनिमी काव्याने लढणारा, हा शब्द नेपोलियनच्या फौजांशी झुंजणाऱ्या स्पॅनिश लोकांकडून आलेला. आणि लूट तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलेला!

सगळ्यात जास्त राग त्यांना गुळगुळीत शब्दांचा. ‘कोलॅटरल डॅमेज’, म्हणजे हल्ल्यात निशाण्यावर नसलेल्या सामान्य लोकांची आणि घरादारांची झालेली हानी, हे वाचताना त्यांचा आवाज चढायचा. मला त्यांचं शंभर टक्के पटतं. ‘आनुषंगिक हानी’ हा प्रतिशब्द मी कधीच वापरत नाही. घरं पडली असतील तर घरं पडली, बायकामुलं मेली असतील तर बायकामुलं मेली, असंच लिहिते. ‘न्यूट्रलाइज’ केलं म्हणजे ठार केलं की पकडलं, तेही वार्ताहराला विचारून घेते.

बाईंनी उतरवून दिलेल्या या शब्दांच्या याद्या माझ्या वहीत अजून शाबूत आहेत. सध्याच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेने त्या छापाव्यात, ही विनंती. टाइप करून, मुद्रितं तपासून मी देते.