तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या ओट्याला पायऱ्या का?

घर बघायला आलेलं माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हमखास थबकतं. ओट्याकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि विचारतं, "वहिनी, ओटा असा पायऱ्यापायऱ्यांचा का? मेस्ताचं माप चुकलं की काय?" मेस्त म्हणजे आमच्याकडचा मिस्त्री.

माप चुकलेलं नाही. सिंक आणि भाजी चिरायची जागा ३५ इंचांवर आहे, शेगडीची ३० इंचांवर, आणि खिडकीखालचा कट्टा जेमतेम १६ इंचांचा. टेप हातात धरून, मेस्ताशेजारी उभी राहून मी हे करून घेतलंय.

गोव्यात म्हार्दोळच्या बाजूला हे घर बांधायच्या आधी आम्ही नऊ वर्षं फोंड्याला फ्लॅटमध्ये काढली. तिथला ओटा सरसकट ३३ इंच. भांडी घासताना कंबर वाकायची, कारण सिंकचा तळ ओट्यापेक्षा आणखी आठ इंच खाली असतो. आणि शेगडीपाशी नेमकं उलट. ओटा ३३, त्यावर शेगडी सहा इंच, तिच्यावर सात इंचांचा टोप. म्हणजे टोपाचा काठ ४६ इंचांवर. माझं कोपर जमिनीपासून ३९ इंचांवर आहे. मुगागाठी ढवळायची तर हात खांद्यापर्यंत उचलायचा! वर्षानुवर्षं मला वाटत होतं की माझाच खांदा कमजोर आहे. खांदा चांगला होता, ओटा चुकीचा होता.

म्हणून माप घ्यायचं ते स्वतःचं. चपला काढून सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात दुमडायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला दुसऱ्याला सांगायचं. त्यातून चार इंच वजा केले की चिरायच्या ओट्याची उंची मिळते. शेगडीचा ओटा त्याहून चार-पाच इंच खाली. दुकानातला माणूस "आमचं स्टँडर्ड हेच" म्हणेल. त्याला म्हणावं, रांधणार कोण, तू की मी?

आता १६ इंचांचा कट्टा. तो माईंचा, माझ्या सासूबाईंचा. माईंचं वय ७६, उंची चार फूट दहा इंच, आणि दोन्ही गुडघे दुखरे. आमच्याकडे नारळाशिवाय चूल पेटत नाही, आणि नारळ त्या आदोळीवरच, म्हणजे आमच्याकडच्या विळीवरच, खवणार. फ्लॅटमध्ये त्या जमिनीवर बसायच्या, आणि उठताना सिंकखालच्या कपाटाचं हँडल धरायच्या. एकदा ते हँडल हातात आलं. त्या पडल्या नाहीत, देवाची कृपा. पण त्या दुपारी त्या भिंतीला टेकून किती तरी वेळ नुसत्या उभ्या होत्या, मुठीत ते हँडल तसंच धरून. नव्या घराचा नकाशा माझ्या डोक्यात त्या दुपारीच सुरू झाला.

कट्टा ३० इंच रुंद आहे. आदोळी त्यावर आडवी मावते. माई तिच्या पाटावर बसतात, एक पाय मांडी घालून पाट दाबून धरतात आणि दुसरा खाली जमिनीवर टेकवतात. करवंटी दोन्ही हातांत घेऊन पात्याच्या दातेरी टोकावर फिरवत जातात, आधी कडेकडेनं, मग आत. तपकिरी साल लागायच्या आत हात थांबतो. समोरच खिडकी असल्यामुळे परसातून कोण गेलं-आलं तेही दिसतं. पहिल्या दिवशी बसून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "हांगा बरें." म्हणजे इथे बरं. उठताना काही धरावं लागलं नाही.

कट्ट्याखाली दारं लावलेली नाहीत. तिथे सोललेले नारळ आणि उकड्या तांदळाचा डबा असतो, वारा खेळता राहतो. कपाटांवर दारं इतकी कमी का, असंही बऱ्याच जणी विचारतात, त्याचं उत्तर गोव्याचा पाऊस. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फ्लॅटमध्ये आम्ही हौसेनं मॉड्युलर करून घेतलं होतं. कोणाकडून ते राहू दे. पार्टिकल बोर्डचं होतं, म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेल्या फळ्या. दुसऱ्याच पावसात सिंकखालची फळी पाणी पिऊन पावासारखी फुगली, आणि खणातल्या पापडांवर हिरवी बुरशी आली. मे महिन्यात माई आणि मी गच्चीवर वाळवलेले पापड! ते टाकताना मला खरोखर रडू आलं.

आता सगळे खण कडप्प्याचे आहेत, भिंतीत बसवलेले आणि उघडे. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, ओल्या फडक्यानं पुसला की झालं. फक्त मसाल्याच्या कपाटाला दार आहे, तेही जाळीचं, आणि तिथे मरीन प्लाय वापरलंय. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या, नुसतं "वॉटरप्रूफ आहे, मॅडम" यावर जाऊ नका. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सगळ्यात वरच्या खणात: सोलं, चिंच, मिरच्या, सुकी सुंगटं (कोळंबी), मिस्कूटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, बरणी. जाडं मीठ चिनीमातीच्या बरणीत, आणि लोखंडी बिजागरीपासून लांब. आगरातल्या मिठाला पावसात पाणी सुटतंच, आणि ते बिजागरी खाऊन टाकतं.

ओट्याच्या दगडाचा रंग काळा का, याचंही कारण स्वयंपाकच. पांढरा संगमरवर दिसतो सुंदर, मलाही मोह झाला होता. पण कोकमाच्या आगळाचा एक थेंब त्यावर राहिला की तेवढीच चकाकी जाते. आंबट पदार्थ संगमरवरातला चुना खातो, आणि तो डाग घासून निघत नाही, कारण तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो. आमच्या घरात रोज सोलकढी. ग्रॅनाइटला आगळ काही करत नाही.

मासळी मात्र आत साफ होत नाही. मागच्या पडवीत कमरेइतक्या उंचीचा कडप्प्याचा टप्पा आणि नळ आहे, ते पाणी सरळ केळीच्या आळ्यात जातं. या एका गोष्टीनं आतल्या स्वयंपाकघराचं जेवढं भलं झालं, तेवढं चिमणीनंही झालं नाही.

शोभेचं विचाराल तर निळ्या-पांढऱ्या फरशांची एकच ओळ आहे, खिडकीच्या चौकटीभोवती. जमीन तांबड्या कोब्याची. खिडकीवर खोल छज्जा, नाहीतर पावसाची झड थेट आदोळीवर येते.

पायऱ्यांच्या ओट्यात एक त्रास आहे, तोही सांगते. सिंकचं पाणी उंचावरून शेगडीकडे ओघळतं. आमच्याकडे पहिला महिनाभर बर्नर भिजायचे. मग मेस्ताला बोलावून काठाला अर्ध्या इंचाची ग्रॅनाइटची पट्टी बसवून घेतली. तुम्ही करणार असाल तर ती पट्टी पहिल्यापासूनच सांगा, आणि सांध्यात साधं सिमेंट न भरता इपॉक्सी भरून घ्या.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी या स्वयंपाकघरात आम्ही चौघी होतो. मी शेगडीपाशी खतखत्याच्या टोपात डाव फिरवत होते, जाऊबाई वरच्या ओट्यावर भाज्या चिरत होत्या. माई कट्ट्यावर बसून नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडा मुरडत होत्या, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर उभी राहून माझी सात वर्षांची लेक त्याच कट्ट्यावर पुऱ्या लाटत होती. १६ इंच तिला थोडे कमी पडतात, वाकावं लागतं. पुढच्या चवथीपर्यंत तिच्यासाठी एक पाट करायला मेस्ताला सांगितलंय, म्हणजे तिला माईंसमोर बसून लाटता येईल.